रॉसविटाची बरणी

फेब्रुवारीत माझी बायको रॉसविटा गेली, आणि मे महिन्यात फुटबॉल लीगच्या शेवटच्या शनिवारी डॉर्टमुंड पहिल्या क्रमांकावर होतं. म्युनिक दोन गुणांनी मागे. आमची मॅच घरच्या मैदानावर, माइन्झशी. ती जिंकली की विजेतेपद. आमच्या रस्त्यावर खिडक्याखिडक्यांतून पिवळे-काळे झेंडे लागले होते. बेकरीवालीने पावांना पिवळा साखरपाक लावला होता. जो भेटेल तो म्हणायचा, "एवाल्ड, रॉसविटाने हे बघायला हवं होतं." मी हो म्हणायचो आणि पुढे जायचो.

मला काळजी वेगळीच होती. डॉर्टमुंड जिंकलं तर बरणी उघडावी लागणार होती.

बरणी आमच्या बागेतल्या खोपटात टेबलाखाली असते. तपकिरी, दोन कानांची, जड झाकणाची. तीत उन्हाळाभर फळं घालायची. आधी स्ट्रॉबेरी, मग चेरी, जर्दाळू, शेवटी प्लम. प्रत्येक थरावर साखर आणि फळं बुडतील इतकी रम. नाताळाच्या आधी उघडायची आणि आइस्क्रीमवर घालून खायची. इथे ओळीने भाड्याच्या छोट्या बागा आहेत, सगळ्यांमध्ये हे करतात. एका नाताळाला रॉसविटा तापाने आजारी होती, म्हणून बरणी तशीच राहिली. पुढच्या मे महिन्यात, म्हणजे २०१२ साली, डॉर्टमुंड सलग दुसऱ्यांदा विजेतं झालं, तेव्हा आम्ही ती शेजाऱ्यांबरोबर संपवली. शेजारच्या बागेतला डेटलेफ त्या रात्री स्वतःच्या कांद्याच्या वाफ्यात झोपला.

सकाळी बरणी धुताना रॉसविटाने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "यापुढे ही फक्त विजेतेपदाला उघडायची."

"आणि नाही जिंकलो तर?" मी विचारलं.

"अरे, लागोपाठ दोनदा जिंकलोय. वर्षभर तर कळ काढायची आहे."

पुढच्या वर्षी म्युनिक जिंकलं. रॉसविटा म्हणाली, चांगली मुरेल. त्याच्या पुढच्या वर्षीही म्युनिक, आणि त्याच्याही पुढच्या. आमच्या संघातली चांगली पोरं एकेक करून तिकडे गेली. त्यात त्यांचं काय चुकलं? पैसाही तिकडे आणि करंडकही तिकडे. नंतर विजेता कोण हे लोक विचारेनासे झाले. दुसरा कोण, खालच्या लीगमध्ये कोण जाणार, एवढंच बोलायचे. पगारातून कर कापला जातो, त्यावर कोणी बोलत नाही, तसं म्युनिकचं झालं.

रॉसविटा दर जूनमध्ये बरणीत भर घालत राहिली. पहिल्या वर्षी दोन टोपल्या स्ट्रॉबेरी घातल्या होत्या. नंतर नंतर मूठभर. "पुरे एवढं," म्हणायची, "कोण खाणार आहे?" डेटलेफ कुंपणावरून ओरडायचा, "रॉसविटा, बरणी पहिलीत जायच्या वयाची झाली, दप्तर घे तिला!" ती त्याला मातीचं ढेकूळ फेकून मारायची.

गेल्या उन्हाळ्यात मात्र, दोन उपचारांच्या मधल्या आठवड्यात, ती खोपटाच्या दारात स्टुलावर बसली आणि झाडाचे सगळे प्लम तिने बरणीत घातले. मी बाहेर नळ दुरुस्त करत होतो. "झाकण लाव, मला उचलत नाही," ती म्हणाली. मी झाकण लावलं. आत बघितलं नाही.

ती गेल्यावर कपडे इलोनाने, म्हणजे डेटलेफच्या बायकोने, नेऊन दान केले. फ्रीझरमधलं सूप मार्चमध्ये संपलं. तिच्या हातचं आता ही बरणीच उरली होती. आणि डॉर्टमुंड जिंकलं की सगळे वाट्या घेऊन येणार होते.

शनिवारी डेटलेफने टीव्ही सफरचंदाच्या झाडाखाली मांडला. कोर्बी बिअरचा क्रेट घेऊन आला. त्याचं खरं नाव कॉर्बिनियन, म्युनिकजवळचा, रेल्वेत होता, तीस वर्षांपूर्वी बदलीवर आला आणि इथेच राहिला. आमच्या बागांमधला म्युनिकच्या बाजूचा तो एकटा.

"तू इथे काय करतोयस?" डेटलेफ म्हणाला. "तुझी मॅच कोलोनला आहे."

"मी आज तुमच्या बाजूने आहे."

"लाज नाही वाटत?"

"अरे बाबा, दहा विजेतेपदं झाली लागोपाठ. मागच्या वर्षी आम्ही जिंकलो तेव्हा मी गवत कापत होतो. बायकोने खिडकीतून सांगितलं. मी म्हटलं बरं, आणि कडेचं कापायचं राहिलं होतं ते कापलं. पूर्वी बहिणीचा फोन यायचा. आता तीही करत नाही."

"गरीब बिचारा," इलोना म्हणाली. "ह्याला सॉसेज द्या कोणीतरी. आणि एवाल्ड, बरणी आण की बाहेर. वाट्या मी आणल्यात."

मी बरणी आणली. कधी नव्हे इतकी जड लागली. ती टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो.

मॅच सुरू झाली. माइन्झने गोल केला. आम्हाला पेनल्टी मिळाली, ती वाया गेली. माइन्झने दुसरा केला. तिकडे कोलोनला म्युनिक केव्हाच पुढे गेलं होतं. डेटलेफने टोपी गवतावर आपटली आणि मग त्या टोपीला शिव्या दिल्या. इलोना म्हणाली, "अहो, शेजारची पोरं ऐकतायत."

"ऐकू देत. डॉर्टमुंडची आहेत, शिव्या लागतीलच त्यांना."

मी बिअर प्यायलो. मला बरं वाटत होतं असं नाही, वाईटही वाटत नव्हतं. म्युनिक पुढे होतं. म्हणजे झाकण बंद राहणार, जूनमध्ये थोडी स्ट्रॉबेरी घालायची, दर वर्षीसारखं.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एक गोल फेडला. तरीही मागेच होतो. मग टीव्हीच्या कोपऱ्यात कोलोनचा स्कोअर बदलला. कोलोनने पेनल्टीवर बरोबरी केली होती.

सगळ्यात आधी कोर्बी उभा राहिला. "म्हणजे तुम्ही! हरलात तरी तुम्हीच! एका गुणाने!" त्याने डेटलेफला उचललं. कोर्बी सत्तरीचा आहे, त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. साऱ्या बागांमधून ओरडा उठला, कोणीतरी रेल्वेचा भोंगा वाजवला. इलोना रडत होती. "रॉसविटा!" ती आभाळाकडे बघून ओरडली, "रॉसविटा, बघतेस ना!" आणि तिने बरणीच्या झाकणावर हात ठेवला.

मी तिच्या हातावर हात ठेवला. "थांब. अजून संपलं नाही."

तिला वाटलं, मी नजर लागेल म्हणून म्हणतोय. तिने डोकं हलवलं आणि हात काढला. मी माझा काढला नाही. मी लहानपणापासून ह्या क्लबचा आहे. वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. आणि तिथे बसून मी मनात म्हणत होतो, म्युनिक, करा एक गोल. नेहमी करता ना, करा.

त्यांनी केला. अगदी शेवटी. टीव्हीच्या कोपऱ्यात आकडा बदलला आणि सगळे आवाज एकदम थांबले. भोंगाही. आमच्या मॅचमध्ये अगदी शेवटी आम्ही बरोबरी केली, पण त्यासाठी कोणी उठलंही नाही. गुण सारखे झाले, पण गोल त्यांचे जास्त होते, म्हणजे विजेते तेच. मैदानात मोठी माणसं गवतावर बसून रडत होती. मी झाकणावरचा हात काढला.

"अकरा," कोर्बी म्हणाला आणि बाटली खाली ठेवली. त्याचा फोन वाजला नाही.

मग इलोनाने नाक पुसलं, पिशवीतून एक डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. तिच्या प्लास्टिकच्या आच्छादनाखालच्या, पहिल्या स्ट्रॉबेरी. "आइस्क्रीमवर घालायला आणल्या होत्या. आता बरणीत घाल. हरल्यावर रॉसविटा घालायचीच ना."

"जूनमध्ये घालायची."

"एवाल्ड, आज घाल."

मी झाकण काढलं. रमचा वास आला. बरणी काठोकाठ भरलेली होती. प्लम वर येऊ नयेत म्हणून तिने एक बशी दाबून ठेवली होती, आणि रम बशीच्याही वर, गळ्यापर्यंत. एक स्ट्रॉबेरीसुद्धा मावली नसती.

"जागा नाही," मी म्हटलं.

डेटलेफने वाकून बघितलं. "हिने तर पार भरून टाकलीय. पुढच्या वर्षासाठी काही ठेवलंच नाही."

"थोडं काढलंस तर बसेल," कोर्बी म्हणाला.

"विजेतेपदाशिवाय?" डेटलेफ म्हणाला. "तिने काय सांगितलं होतं?"

"विजेतेपदाला उघडायची. कोणाच्या, ते कुठे सांगितलं होतं?" कोर्बीने घसा साफ केला. "आमचं झालंय आज."

डेटलेफला हसू फुटलं, नको असलेलं, नाकातून. इलोनालाही आलं. "निर्लज्ज मेला," ती म्हणाली. "ह्याला शेवटी द्या."

मी खोपटातून पळी आणली. बशी काढली. कोर्बीला पहिली वाटी दिली, मग इलोनाला, मग डेटलेफला. वरवरचंच काढणार होतो, पण पळी खोल गेली आणि तळातलं काही वर आलं. तपकिरी, मऊ, कुठलं फळ ते ओळखू येत नव्हतं. डेटलेफ म्हणाला ती स्ट्रॉबेरी असणार, पहिल्या वर्षीची. त्याने ती खाल्ली आणि डोळे मिटून बसला.

मी एक प्लम घेतला. तो आत कडक होता, रम शिरलीच नव्हती. प्लमला सुईने टोचावं लागतं, नाहीतर मुरत नाहीत. रॉसविटा एकेक टोचायची. हे टोचलेले नव्हते. मी दुसरा बघितला, तिसरा बघितला. एकही नव्हता. तिला जमलं नसेल.

तरी मी तो खाल्ला.

मग इलोनाच्या डब्यातल्या स्ट्रॉबेरींचे देठ काढले, प्रत्येकीचे दोन तुकडे केले आणि बरणीत घातले. साखर खोपटात होती. रम नव्हती, ती डेटलेफ घरून घेऊन आला. फळं बुडेपर्यंत ओतली, बशी ठेवली, झाकण लावलं.

"पुढच्या वर्षी," डेटलेफ म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि बरणी टेबलाखाली नेऊन ठेवली.