डिस्प्लेवरची हिरवी लाईन

आष्टीच्या बाजारात कमरबीचं मोबाईलचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आवरून तिनं हे थाटलं, आणि थाटायला लावलं ते परतूरच्या अंगदनं. तो मोबाईल कंपनीचा माणूस, मोटरसायकलवर दुकानंदुकान फिरायचा. "चाची, बिनधास्त ठेवा आमचे फोन. काही झालं तर मी हाय ना," असं म्हणून त्यानं स्वतः शिडीवर चढून कंपनीचा बोर्ड लावून दिला. गावानं फोन घेतले ते कंपनीकडं बघून नव्हे, कमरबीकडं बघून.

उन्हाळा लागला तशी फोनच्या डिस्प्लेवर उभी हिरवी लाईन यायला लागली. मग हळूहळू अख्खा डिस्प्ले काळा. चूक कारखान्यातच झाली होती. कंपनीनं आधी डिस्प्ले फुकट बदलून दिले. पण देशभरातून इतके फोन परत आले की नफा सगळा त्यातच जिरला, आणि नाव खराब झाल्यावर नवे फोन कुणी घेईना. तोटा आवरायला म्हणून वरच्या साहेबांनी लहान जिल्ह्यांतली सर्व्हिस सेंटरं बंद केली. जालन्याचंही गेलं. अंगदला दुकानांवरचे बोर्ड उतरवून आणायला सांगितलं, आणि त्यानंतर तुमचीही गरज नाही म्हणून कळवलं.

तो आष्टीला पोचला तेव्हा दुकानात तुळजाबाई बसली होती. तिची लेक आकांक्षा पुण्यात नर्सिंग शिकत होती.

"आवाज येतो तिचा," तुळजाबाई म्हणत होती, "पण लेकरू दिसत न्हाई. दोन डाव पाठवला की जालन्याला."

"थांब, अंगद आला. तोच सांगंल," कमरबी म्हणाली.

अंगदनं मान खाली घातली. "चाची, जालन्याचं सेंटर बंद झालं."

"मंग ह्यांच्या फोनचं काय?"

"पुण्याला पाठवा म्हणतेत. परत कधी येतील, कुणी सांगून न्हाई राह्यलं."

"तू म्हणल्तास ना, मी हाय म्हणून?"

"मलाही काढलं, चाची."

तुळजाबाईनं फोन पदराच्या टोकात गुंडाळला आणि ती निघून गेली. मग कमरबीनं स्टूल आणून दारात ठेवलं. अंगद बोर्डाचे स्क्रू काढत होता तोवर ती दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती.

"बेटा, तुझ्यावर गुस्सा न्हाई माझा," तो उतरल्यावर ती म्हणाली. "पण आता इकडं येत जाऊ नको. तू दिसला की लोकं पुन्हा आस लावतेत."

दिवाळीच्या आत तिनं दुकान बंद केलं. अंगद बदनापूरला बियाण्याच्या गोदामावर लागला. एकदा परतूर स्टेशनवर कमरबी त्याला दिसली, सासरी असलेल्या आपल्या पोरीकडं निघालेली. तिनंच हाक मारली.

"अम्मी बरी हाय का तुझी?"

"बरी हाय."

एवढंच बोलणं झालं. गाडी आल्यावर त्यानं तिची पिशवी डब्यात चढवून दिली, आणि गाडी हलली तरी त्याला 'चाची, माफ करा' एवढं म्हणणं काही जमलं नाही.