गुरुजींच्या नावाचं चूर्ण

कल्लप्पा गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण ऋतुजाचं काम काही तपासलं नाही. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर गुरुजी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मुलांना शिकवण्याच्या युक्त्या लिहीत आणि ती त्या ब्लॉगवर टाके. टॉवेलच्या काठावरच्या रेघा मोजून पाढे शिकवायची युक्ती सगळ्यांत गाजली. मोबाइलवर काय उमटलं, ते गुरुजी बघत नसत. शिकल्या-सवरल्या पोरीच्या मागं लाल पेन घेऊन कशाला फिरायचं?

पुढं ब्लॉगकडे कोणी फिरकेना, तेव्हा ऋतुजानं ते लेखन फक्त आयांसाठी असलेल्या एका छोट्या अ‍ॅपवर नेलं. एकीनं वाचलं की बोट लावून दहाजणींना धाडायची. गुरुजी हरखून गेले.

एका रविवारी चंद्रव्वा दारात आली. ती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, लेक शिवलीला तिसरीत. पिशवीतून तिनं स्मरणशक्तीच्या चूर्णाचा डबा काढला.

"गुरुजी, दोन म्हैनं पाजतीया. सातचा पाढा अजून येत न्हाय. आनि किती दिस पाजू?"

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की."

तिनं मोबाइल पुढं केला. लेख त्यांचाच, टॉवेलच्या रेघांचा. शेवटी मात्र लिहिलं होतं, 'माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच चूर्ण देत आलो. रेघा मोजत बसायचीही गरज उरत नाही.' खाली डब्याचं चित्र.

"मग रेघा मोजायचं सोडलं तुम्ही?"

"तुमीच लिव्हलंय, गरज न्हाय म्हनून."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण पोराचं ऐकून घेतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला दोषी धरलं नव्हतं. "चूर्ण बंद कर. संध्याकाळी येऊन सांगतो," एवढंच म्हणून ते ऋतुजाकडे गेले.

ऋतुजानं नाकारलं नाही. "गुरुजी, जाहिरात म्हणून टाकली तर बायका बोटानं वर सारतात. तुमच्या लेखात आली की विश्वास ठेवतात. कंपनीला तेच पाहिजे असतंय."

"माझ्या तोंडी खोटं घातलंस, ऋतुजा."

"एक-दोन वाक्यं तर आहेत. आणि मी नसते तर तुमचं कोण वाचलं असतं?"

"तिथंच लिही, की हे माझं नाही."

"करार झालाय. आणि काढलं तरी काय, हजारो मोबाइलमध्ये गेलंय ते."

"मग मला लिहू दे."

"खातं माझ्या नंबरवर आहे, गुरुजी." ती खाली बघून म्हणाली. जिला बोट धरून 'अ' गिरवायला शिकवलं, तिनं त्यांना त्यांच्याच नावाबाहेर उभं केलं होतं.

संध्याकाळी ते चंद्रव्वाच्या खोलीवर गेले. शिवलीला जमिनीवर वही घेऊन बसली होती.

"चंद्रव्वा, चूर्णाचं मी लिहिलेलं नाही. माझ्या नावावर दुसऱ्यानं घातलंय."

चंद्रव्वानं चूर्णाचा डबा उचलून पाहिला. मग तिनं हळूच विचारलं, "मग ते रेघांचं तरी तुमीच लिव्हलं व्हतं का?"

"हो. ते माझंच."

"व्हय," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, आणि तिनं लेकीची वही मिटून फळीवर ठेवली.