न वाचता उमटलेला शिक्का

मित्रांनो, हसू नका, पण मी एक रबरी शिक्का आहे. आता कडा झिजल्या आहेत, तरी अंगावर कोरलेला इंग्रजी शब्द अजून वाचता येतो : इनसाइटफुल.

मला घडवणाऱ्या कारागिराने बाईंना विचारलं होतं, "म्हणजे हुशार ना?"

"नाही हो," शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "हुशार पोरं पैशाला पासरी मिळतात. वरवर न बघता ज्याला आतलं ओळखता येतं, त्याच्या लिहिण्याला हा शब्द लावायचा."

सुरुवातीला महिन्यातून एखाद्याच वहीवर मी उमटत असे. ते पान मुलं घरभर नाचवत. मला आकाश ठेंगणं झालं होतं. मग बाईंकडे आणखी एक वर्ग आला आणि टेबलावर वह्यांचे ढीग साचू लागले. बाई पान उलटत, मला दाबत आणि पुढची वही ओढत. अर्धवट लिहिणाऱ्यालाही तोच मान! तरी मी फुशारलेलाच होतो, खोटं कशाला बोलू?

एकदा 'माझा वर्ग' हा निबंध होता. मागच्या बाकावरच्या अबोल मुलीने लिहिलं होतं, 'मला फळ्यावर धुकं दिसतं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. आईला सांगितलं नाही, ती आधीच दमलेली असते.' बाईंनी मला नेमकं त्या ओळींवर दाबलं. मी ओरडू शकलो नाही.

सहा महिन्यांनी तिची आई वही घेऊन आली.

"बाई, डॉक्टर म्हणतात, पोरीला तेव्हाच आणलं असतं तर तिची नजर वाचली असती. हा शिक्का तुमचाच ना? काय लिहिलंय हो यावर?"

बाईंनी शिक्क्याखालच्या ओळी वाचल्या. "आतलं ओळखणारी," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण मी वाचलंच नव्हतं हो."

आईने वही मिटून छातीशी धरली. "पोर म्हणाली, बाईंनी वाचून शाबासकी दिली, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार. म्हणून गप्प बसली."

त्या दिवसापासून मी खणात आहे. माझी शाई वाळली. बाई आता प्रत्येक वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि खाली स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहितात.

मित्रांनो, कुणाचं कौतुक जरूर करा, पण आधी त्याचं म्हणणं पुरतं वाचा. बाईंच्या ढिगात आता सगळ्यांच्या वह्या असतात. तिची नसते.