अर्ध्या किमतीचं वॉशिंग मशीन

ब्रेकमास्तरांच्या घरातलं वॉशिंग मशीन चालायचं. कपडे धुवायचंच, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण कपडे पिळायची वेळ आली की ते खरोखरच चालायला लागायचं. बाथरूमबाहेरच्या कोनाड्यातून निघायचं, पॅसेजभर थरथरत, खडखडत पुढे यायचं आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी वायर ताणली जाऊन प्लग निसटला की जागच्या जागी थबकायचं. त्याला बंद करायची दुसरी तऱ्हा उरलीच नव्हती, कारण बटण कधीच गळून पडलं होतं.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा, आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून उजव्या पायाला अशी खोड लागली होती की घरात दूध उतू जायला लागलं तरी पाय फरशीवर दणकन आपटायचा. ब्रेकमास्तर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. बायको ते फक्त रागात असताना वापरायची, त्यामुळे तिच्याही तोंडात ते चांगलं रुळलं होतं.

"बेअरिंग गेलंय," मेकॅनिक म्हणाला होता. "काका, याच्यात आता पैसे घालू नका."

तेव्हापासून बायकोने नव्या मशीनचा धोशा लावला होता. मास्तर "बघू" म्हणायचे. आणि बघता बघता तिच्या थोरल्या बहिणीकडे नवंकोरं मशीन आलं. तेही अर्ध्या किमतीत.

"ताई, अर्ध्या किमतीत कसं काय जमलं तुला?" बायकोने विचारलं.

"कंपन्यांना फॉलो करते मी," ताई म्हणाली, आणि सोफ्यावर जरा ऐसपैस झाली.

"म्हणजे मागे मागे जायचं?" मास्तरांनी विचारलं.

"अहो भाऊजी, फोनवर! आणा इकडे तो." ताईने मास्तरांचा फोन हातातून काढूनच घेतला. "हे कंपनीचं पेज. इथे फॉलो दाबायचं. ते काय काय टाकतात त्याला लाइक द्यायचं, खाली दोन शब्द लिहायचे. कंपनीला वाटलं पाहिजे, हा आपला माणूस आहे. आपल्या माणसाला मग ते डिस्काउंट देतात."

हे वाक्य मास्तरांनी फारच मनावर घेतलं. कुणी रामराम केला आणि आपण उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या हातून आयुष्यात घडलं नव्हतं. आता रोज सकाळी मोठमोठ्या कंपन्या त्यांची विचारपूस करायला लागल्या आणि मास्तर एकेकीला मनापासून उत्तरं द्यायला लागले.

मशीनवाल्या कंपनीने विचारलं, "शुभ सकाळ! आज तुमचा मूड कोणत्या रंगाचा?"

मास्तरांनी लिहिलं, "शुभ सकाळ. मूड बरा आहे. काल एका विद्यार्थिनीने रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची कुंडी फोडली. रंग नक्की सांगता येणार नाही. आपण कसे आहात?"

गादीवाल्या कंपनीने विचारलं, "तुमच्या स्वप्नात काय येतं?"

मास्तरांनी लिहिलं, "ट्रक. उलट्या बाजूने."

एके दिवशी ते फोन घेऊन स्वयंपाकघरात धावत आले. "अगं, बदाम पाठवलाय! लालभडक, पत्त्यांतल्यासारखा!"

"कुणी?"

"कंपनीने. मशीनवाल्या."

"त्यांना म्हणावं, बदाम राहू दे, मशीन पाठवा."

कूपनं मात्र येऊ लागली. पहिलं आलं लांबसडक केसांच्या शाम्पूचं. मास्तरांच्या डोक्यावर कानांच्या वर औषधाला केस नव्हता. मग बाळाच्या लंगोटांवर सवलत आली. मग कुत्र्याला अंघोळ घालण्याचा साबण एकावर एक फुकट आला, आणि तो मास्तरांनी घेतलासुद्धा. "वाया कशाला घालवायचं?" म्हणून. तो साबण बाथरूममध्ये बघून बायकोने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की उजवा पाय आपोआप फरशीत रुतला.

"पुरे झालं तुमचं हे फॉलो," ती म्हणाली. "साऱ्या दुनियेचे तुम्ही आपले, फक्त घरचे नाही."

त्याच आठवड्यात मशीनवाल्या कंपनीने स्पर्धा जाहीर केली. आपल्या जुन्या मशीनचा व्हिडिओ टाका. ज्याला सर्वांत जास्त लाइक, त्याला जुनं घेऊन नवं मशीन अर्ध्या किमतीत. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्या मशीनइतकं गुणी मशीन आख्ख्या स्पर्धेत नसणार, याची त्यांना खात्री होती.

पुढच्याच धुण्याला ते पॅसेजच्या टोकाला फोन धरून उभे राहिले. मशीन ठरल्यासारखं निघालं. आणि मास्तरांच्या तोंडून सवयीने रोजचाच धडा बाहेर पडला, "हं, हळू. हळू. समोर बघ. डावीकडे भिंत आहे, भिंत आहे! क्लच सोड, माझे आई, क्लच सोड!"

तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बायको आतून धावत आली आणि मशीनला कमरेने रेटा देत उभी राहिली. "त्याला काय शिकवताय! या, हात लावा जरा! तिकडे ताईचं बघा, नवं मशीन घेऊन बसली. पण ते मशीनही तिच्यासारखंच, आवाज मोठा अन् काम थोडं! परवा तिच्या दोरीवरची चादर पाहिली मी, पोतेऱ्याला बरी म्हणावी अशी. त्यापेक्षा हे माझं चांगलं. निदान चालून व्यायाम तरी करतं!"

प्लग निसटला. मशीन थांबलं. मास्तरांनी फोन खाली केला. त्यांना क्लासला उशीर होत होता. टाकण्याआधी व्हिडिओ एकदा बघावा, ऐकावा, असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. जिना उतरता उतरताच त्यांनी तो कंपनीच्या पेजवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली होती. शिकणारी बाई बँकेत काम करायची, एरवी फारशी बोलायची नाही. ती एकदम म्हणाली, "सर, राग मानू नका, पण 'क्लच सोड, माझे आई' हे तुम्हीच ना?"

"मीच. रोज तुम्हालाच म्हणतो की."

"मला नाही हो, मशीनला! आमच्या आख्ख्या बँकेने बघितलाय तो व्हिडिओ. आणि तुमच्या मिसेस तर काय बोलतात! ती चादर... आमचे मॅनेजर तर डोळे पुसत होते हसून."

सिग्नल हिरवा झाला. बाईने गाडी सोडली आणि मास्तरांनी ब्रेक दाबला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच कल्लोळ केला, पण मास्तरांना तो ऐकू आला नाही. त्यांच्या कानात आपल्या बायकोचा आवाज घुमत होता, शब्दन् शब्द.

घरी पोचले तेव्हा बायकोला शेजारणीकडून सगळं कळलेलं होतं. ती खुर्चीत ताठ बसली होती.

"माझ्या डोक्याला टॉवेल होता," ती म्हणाली.

"होता."

"आणि गाउन तो होता. खिशापाशी उसवलेला."

"ते इतकं काही दिसत नाही..."

"ब्रेकमास्तर!"

मग तिने आवाज उतरवून विचारलं, "आणि ताईचं जे बोलले मी, तेही आहे त्यात?"

"आहे."

"सगळं?"

"चादरीसकट."

बायकोने कपाळावर हात मारला. "काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

मास्तरांनी चष्मा लावला, फोन उघडला. ते बटण शोधत असताना ती मागून डोकावली. "थांबा जरा. किती लोकांनी बघितलं?"

मास्तरांनी आकडा दाखवला. तिला तो एका दमात वाचता आला नाही. मग तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला लागली. 'बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे.' 'या बाईंना मशीन दिलं नाही तर आम्ही तुमचं मशीन घेणार नाही.' 'माझे मिस्टरही असेच नुसते उभे राहून सूचना देतात.' या शेवटच्या वाक्याशी ती बराच वेळ थांबली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "लोक समजूतदार आहेत हो," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा नव्हे, बोट न उचलता. अशी बेल वाजवणारं त्यांच्या माहितीत एकच माणूस होतं.

ताई आत आली आणि चपला न काढताच उभी राहिली. "त्या कंपनीला मीही फॉलो करते, हे विसरलात वाटतं? सकाळी डोळे उघडले तर समोर माझी सख्खी बहीण, टॉवेल गुंडाळून माझी अब्रू पिळतेय!"

"ताई, चुकलं गं, मी मुद्दाम नाही..." बायकोला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ताईने बोट नाचवलं. "ते काही नाही. व्हिडिओ काढायचा. माझ्या देखत!"

लहानपणापासून या स्वरात काही सांगितलं की धाकटी नेमकं उलट करायची. "नाही काढणार," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही! कपडे काय तू धुतेस माझे? आईकडे होतो तेव्हा तरी बादलीत हात घातला होतास का कधी? धुणं माझ्या वाटचं अन् वाळत घातलेलं मोजायला तू!"

"आवाज मोठा म्हणतेस काय गं मला?" ताई अशी ओरडली की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. मास्तरांना हसू फुटायला लागलं. त्यांनी पाय फरशीत रोवून ते कसंबसं थोपवलं.

पण खिडकीचा आवाज ऐकून ताईच थांबली. इकडेतिकडे बघितलं, चपला काढल्या आणि सोफ्याच्या कडेला बसली. आता तिचा आवाज मोठा नव्हता.

"ती चादर मी हाताने धुतली होती."

"हाताने? आणि मशीन?"

"बंद आहे. आणलं त्यानंतर दोन धुणी झाली असतील नसतील. शोरूममध्ये मांडून ठेवलेलं होतं ते, मागून पोचा आलेला. म्हणून अर्ध्यात दिलं. फॉलोबिलो काही नाही. तुम्हाला सांगितलं आपलं, जरा... कळलं ना?" ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "रोज कंपनीला लिहितेय त्यांच्या पेजवर, मशीन बंद आहे, माणूस पाठवा. बदाम पाठवतात मेले!"

बायको उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. इतके दिवस ताईने एकटीने पिळलेली धुणी तिच्या डोळ्यांसमोर आली असावीत. "हात दाखव," ती म्हणाली. ताईने दाखवले. तळवे लाल झाले होते.

व्हिडिओ काही काढला गेला नाही. ताईनेच काढू दिला नाही. "आता इतके लाइक झालेत तर राहू दे," ती म्हणाली आणि तिथे बसून स्वतःचाही एक दिला.

मास्तर जिंकले. नवं मशीन घेऊन टेम्पो आला, त्याच्या मागे कंपनीची गाडी आली. गाडीतून कॅमेरावाला उतरला आणि त्याच्यामागून एक नीटनेटकी बाई, हातात कागद घेऊन. ताई सकाळपासून येऊन बसलीच होती. बायकोने या वेळी ठेवणीतला ड्रेस घातला होता आणि टॉवेल कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

"मॅडम, फार काही नाही बोलायचं," कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली. "तोच डायलॉग पुन्हा घेऊ. ताईंच्या मशीनचा. आवाज मोठा अन् काम थोडं. लोकांना तोच आवडलाय. आणि मग आमच्या नव्या मशीनवर हात ठेवून हसायचं."

"म्हणते की," बायको म्हणाली. "पण ताईचं मशीन कोणत्या कंपनीचं, ते आधी विचारून घ्या."

बाईने हसत ताईकडे पाहिलं. "कोणत्या हो?"

"तुमच्याच," ताई म्हणाली.

कॅमेरावाल्याने डोळा कॅमेऱ्यातून काढला. बाईचं हसू चेहऱ्यावर होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मास्तर कोपऱ्यात उभे होते. आता आपणही आपला माणूस म्हणून काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटलं. "यांनी रोज लिहिलंय तुम्हाला," ते म्हणाले. "तुम्ही विचारता, मूड कोणत्या रंगाचा? यांचा लाल आहे."

"मॅडम, हे आपण... नंतर बघू या का?"

"नंतर कशाला?" बायको मशीनसमोर उभी राहिली, केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मी तयार आहे. करा चालू. सगळं सांगते, कंपनीच्या नावासकट."

कॅमेरा काही चालू झाला नाही. बाई फोन घेऊन जिन्यात गेली आणि बराच वेळ कुणाशी तरी हळू आवाजात बोलत राहिली. परत आली ती ताईचा पत्ता लिहून घ्यायला. दुसऱ्या दिवशी ताईकडे माणूस गेला, त्याने मशीन उघडलं, मान हलवली आणि ते परत नेऊन नवं आणून बसवलं. त्याला पोचा नव्हता. ताईने चारही बाजूंनी हात फिरवून बघितलं.

व्हिडिओही नंतर घेतला. त्यात दोघी बहिणी दोन बाजूंना उभ्या आहेत आणि मशीनवर हात ठेवून हसताहेत. बोलत मात्र कुणीच नाही. कंपनीने तेवढी काळजी घेतली.

नवी मशीनं धुणं संपलं की एक छोटीशी धून वाजवतात. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा बायको आख्ख्या घरात कुणाचा फोन वाजतोय ते शोधत फिरली. आता दोघी बहिणी एकाच वेळी धुणं लावतात आणि फोन कानाला लावून बसतात. गप्पांच्या मध्येच एकीकडे धून वाजते.

"वाजलं माझं," ताई म्हणते.

"माझं फिरतंय अजून," धाकटी म्हणते. "चादरी आहेत. तू बोल."