पिवळी की आकाशी

मी भिंत बोलतेय. खिडकीच्या बाजूची. आजवर माझ्यावर पुष्कळ खिळे ठोकले, पण माझं मत कुणी विचारलं नाही. रंग देतानाही नाही.

बाळ यायच्या आधी खोली रंगवायची ठरली. आजीला पिवळा हवा, बाबाला आकाशी. रंगारी म्हणाला, डब्यातला रंग भिंतीवर निराळाच दिसतो, अर्धाअर्धा लावून बघा. म्हणून माझं एक अंग पिवळं झालं, एक आकाशी. वाद मिटायच्या आत बाळानंच घाई केली, आणि मी तशीच राहिले.

रंगाचा वास गेल्यावर मायलेकी या खोलीत आल्या. आईचा जीव सदा टांगणीला. बाळ शिंकलं तरी दचकायची, झोपलं तर नाकापाशी बोट धरायची. तिच्या सासूबाई, म्हणजे बाळाची आजी, म्हणायच्या, तोंड पोळलं नाही तरी ही ताक फुंकून पिते.

एका सकाळी माझ्या पिवळ्या अंगावर ऊन आलं होतं. आई पाळण्यात बघतच राहिली.

"आई, ही पिवळी दिसतेय हो."

सासूबाई चष्मा पुसत आल्या. "अगं, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथं जगच पिवळं, म्हणून पोर पिवळी."

त्यांनी पाळणा आकाशी बाजूला सरकवला. बाळ एकदम बरं दिसायला लागलं. सगळे हसले. आईही हसली, पण ओठांपुरतीच.

मला सांगावंसं वाटत होतं, बाई, माझ्या दोन्ही अंगांचं ऐकू नकोस. पण भिंतीला कान असतात, तोंड नसतं.

तिनं बाळाला उचललं आणि खिडकीत नेलं. उघड्या उजेडात नाकाच्या शेंड्यावर हलकेच बोट दाबून सोडलं. खालची कातडी पिवळी. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, पायात चपला सरकवल्या.

"मी दवाखान्यात चाललेय."

सासूबाई पिशवी घेऊन मागोमाग निघाल्या.

कावीळच निघाली; ती उतरेपर्यंत बाळाला तिथं निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनीच रंगाऱ्याला बोलावलं.

"पांढरा दे बाबा. आमच्या सूनबाईला पोरीचा रंग नीट दिसला पाहिजे."

आता मी पांढरी आहे. पोर मला धरून उभी राहते, नखांनी कोरते, मग खालून थोडी पिवळी, थोडी आकाशी डोकावते. आई रागावते, पण बुजवत नाही.

मला कुठलाही रंग द्या. फक्त एखादीच्या जिवाला घोर लागला, तर तिला हसू नका. आधी तिच्याबरोबर खिडकीपर्यंत जा.