बयाबाईचा पत्रा

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून बयाबाईने एक कुरडई उलटली आणि तिचं तोंडच उतरलं. वरून कुरडई कडक दिसत होती, पण खालून बोट लावलं तर चीक बोटाला चिकटला. तिने दुसरी उलटली, तिसरी उलटली. सगळ्यांची तीच गत.

खाली अंगणात आळीतल्या बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. शेजारच्या सारिकाने मान वर करून विचारलं, "काढायच्या का, मावशी?"

"काय काढतीस? खालनं वल्ल्याच हायती."

कुणाचा विश्वासच बसेना. कार्ला गावात कुरडया वाळवाव्यात त्या बयाबाईच्या पत्र्यावर, हे शेंबडं पोरही सांगेल. तिचं घर गावाच्या टोकाला, माळावर, आसपास सावलीला झाड नाही. चैत्रात पत्रा असा तापायचा की सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखड वाजायची. म्हणून अख्खी आळी आपापला गहू भिजवून, दळून पहाटे तिच्याच अंगणात जमायची. चूल तिची, सोऱ्या तिचा आणि तोंडाचा पट्टाही तिचाच. लग्न होऊन आल्यापासून ज्या पत्र्याखाली ती भाजून निघाली, त्याच पत्र्याने वर्षातले थोडे दिवस तिला राणी केलं होतं. शिजलेला चीक चाखून "मीठ टाक" म्हणायचा मान दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"गव्हातच खोट आसंल," एक जण म्हणाली.

"न्हाईतर नजर लागली आसंल," दुसरीने भर घातली.

बयाबाईचा नवरा भिमाजी ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. देहूरोडच्या डेपोत हमाली करून निवृत्त झालेला माणूस, बोलायचा कमी. "गव्हाला कशाला नावं ठिवता?" तो म्हणाला. "पत्र्यावर काय चिकटवलंय ते बघा की."

बयाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

मागल्या आठवड्यात तळेगावची कौमुदी आली होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती कामाला होती. पत्र्यावर चिकटवायची एक नवी फिल्म तिच्या मंडळींनी बनवली होती आणि ती लावून बघायला तिला उघड्यावरचं घर हवं होतं. गावातला सगळ्यात जास्त तापणारा पत्रा कुणाचा, असं तिने देवळापाशी विचारलं, तर सगळी बोटं एकाच दिशेला वळली. बयाबाईला त्याचाही अभिमानच वाटला होता.

"हिला वीज लागत नाही, पाणी लागत नाही," कौमुदीने समजावलं होतं. "ऊन परतवून लावते आणि पत्र्याची उष्णता वर आभाळात सोडून देते."

"आन थंडीत? पौषात आमी काय कुडकुडत बसायचं?"

"तीच तर गंमत आहे, मावशी. गारठा पडला की ती आपली आपण बदलते. उष्णता सोडायचं कमी करते, म्हणजे ऊब घरात टिकते."

"मानसापरीस शानी हाय की," भिमाजी म्हणाला होता.

बयाबाई तयार झाली ती मात्र थंडी-उन्हाच्या हिशोबाने नव्हे. तिची एकुलती लेक कोमल तळेगावात दिलेली, आणि वैशाखात तिचे दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सोयरीक जमवायला आलेल्या विहीणबाई याच घरात भर दुपारी घेरी येऊन पडल्या होत्या. तेव्हापासून पत्र्याचं नाव काढलं की त्या पदराने वारा घ्यायच्या. डोहाळजेवणाला त्यांनी सांगूनच टाकलं, "बाळंतपण आमच्याकडेच करू. तान्ह्या जिवाला त्या भट्टीत नको." यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते बयाबाईच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आता तिने कौमुदीला फोन लावला. पोरगी आधी हसली, मग वरमली.

"पत्र्यावर चालू नका, रंग लावू नका, एवढं सांगितलं मी. वाळवण घालू नका म्हणायचं डोक्यातच आलं नाही. पत्रा गार राहिला म्हणून खालची बाजू वाळली नाही, मावशी. म्हणजे फिल्म काम करतेय. पण तुमची अडचण होत असेल तर उद्या येऊन काढून नेते."

फोन मोठ्या आवाजावर होता. बायकांनी एका सुरात सांगितलं, "काढूनच टाका, मावशी."

बयाबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लेकीपरीस कुरडई मोठी न्हाई."

त्या कुरडया रात्रीत आंबल्या आणि म्हशीची चंगळ झाली. पुढचा घाणा सारिकाच्या अंगणात निघाला. बयाबाईने आपला सोऱ्या पुसून तिच्या हातात दिला.

रविवारी तिने विहीणबाईंना जेवायला बोलावलं. त्या ओला रुमाल, हातपंखा आणि पाण्याची बाटली अशा जय्यत तयारीने आल्या आणि दारालगत बसल्या. आमरस-पोळीचं जेवण झालं. "उन्हं उतरली की लगेच निघते," म्हणत त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि बघता बघता त्या घोरू लागल्या. बाहेर माळ नुसता फुफाटत होता. बयाबाई समोर बसून ते घोरणं कीर्तन ऐकावं तसं ऐकत होती.

चहाच्या वेळेला विहीणबाई दचकून जाग्या झाल्या. "पंखा होता वाटतं?"

"लाईटच न्हाई सकाळधरनं."

विहीणबाईंनी वर पाहिलं. हातपंखा गुपचूप पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "कोमलला घ्यायला कधी येताय?"

वैशाखात कोमलला मुलगी झाली. लोणावळ्याच्या दवाखान्यातून बाळ-बाळंतीण थेट पत्र्याखाली आली.

एका सकाळी बयाबाई नातीला न्हाऊ घालून निजवत होती. सारिकाच्या अंगणातून सोऱ्याची करकर आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या खिदळल्या. काय बोलली ते कळलं नाही. बयाबाईला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. तिने पाळण्याची दोरी जरा जोरात ओढली.

"आई, जा ना तू घडीभर," कोमल म्हणाली.

"नगं. त्यांचं चाललंय की बरं."

तेवढ्यात सारिका दारात उभी. हातात झाकलेली वाटी, वाफ निघणारी. "मावशी, मीठ बघा बिगी बिगी. चीक गार व्हाया लागलाय, समद्या खोळंबल्यात."

बयाबाईने बोटभर चीक चाखला. घाई केली नाही. डोळे मिटून जीभ टाळ्याला लावली. "चिमूटभर कमी हाय," ती म्हणाली.

"मी म्हनलंच हुतं," म्हणत सारिका वाटी तिथेच टाकून पळाली.

बाहेर ऊन चढत होतं. पत्र्याखाली नात गाढ झोपली होती, आणि बयाबाई वाटीच्या कडेचा चीक बोटाने पुसून पुसून खात होती.