रुसलेली गाडी

सकाळी दहा वाजताच सोसायटीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी शेजाऱ्याची विचारपूस करायला ज्यांना सवड नसे, तेही चहाचे कप घेऊन खाली उतरले होते. मधोमध आठ महिने उभी असलेली निळी गाडी, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटलेले स्पर्शबाबा.

"यंत्राला तेल लागतं, वाहनाला माया लागते!" बाबा गरजले. "मालक गेला, पण त्याचा जीव स्टिअरिंगला धरून बसलाय!"

गेलेल्या मालकाची बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. तिला सारं पटत होतं. नवरा गेल्यापासून दर रविवारी ती खाली येई, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवी आणि बंद करून वर जाई. गाडी जपायची म्हणजे एवढंच, असा तिचा समज. एकदा तिने गाडी फाटकापर्यंत नेली, तर सुटतानाच मागे धाडकन आवाज झाला आणि पुढे कुणीतरी पाय आपटल्यासारखं धप-धप ऐकू येत राहिलं. त्यानंतर गाडी चालूच होईना.

"वहिनी, दादा रुसलाय," दीर म्हणाला होता. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. त्याच्या शब्दावर ती शंका कशी घेणार? बाबांना त्यानेच आणलं. पहिल्याच भेटीत बाबा म्हणाले, "शेवटच्या सकाळी तू त्याच्याशी बोलली नाहीस." ते खरंच होतं.

"फिरव किल्ली!"

गाडी ढिम्म. साधा दिवाही लागला नाही. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं, आत काळं कापड पसरलं आणि मंत्राचा भडिमार सुरू केला. कापड उडू नये म्हणून दिराने आत हात घालून ते धरलं. "आता फिरव!" गाडी एका दमात चालू झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ही या दारात राहिली तर जीव अडकेल. रक्ताच्या माणसाने आजच न्यावी."

"दादासाठी एवढं करीन मी," दीर डोळे पुसत म्हणाला. सहीचे कागद खिशात तयारच होते. लेकीला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवायचं नवऱ्याने ठरवलं होतं. ते आठवून तिचा हात अडखळला, तरी तिने पेन घेतलं.

"एक मिनिट, ताई." दुसऱ्या मजल्यावरच्या, गाडी शिकवणाऱ्या मॅडम पुढे झाल्या आणि बॉनेटखाली वाकल्या. "इथे आठ महिन्यांची धूळ आहे, बोटाने नाव लिहिता येईल. मग ही बॅटरीच तेवढी न्हाऊनमाखून कशी बसलीय?"

त्यांनी किल्ली बंद करायला लावली, बॅटरीवरची तारेची पकड ओढून काढली. "आता फिरवा." गाडी ढिम्म. पकड बसवली. "आता." गाडी चालू. "झाले का मीही बाबा?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा शाप पुटपुटू लागले, पण त्यांचे पाय फाटकाकडे वळले होते.

"दोन मिनिटं चालवून बॅटरी भरत नाही, उलट उतरते. आठवड्यातून अर्धा तास फिरवावी लागते. उभ्या गाडीचे ब्रेक गंजून चिकटतात, सुटताना धाडकन होतं. टायर एका जागी चपटतात, म्हणून धप-धप. फार दिवस उभी ठेवायची तर हीच पकड काढून ठेवतात. ट्रक चालवणाऱ्याला हे ठाऊक नसतं होय?"

दीर मान खाली घालून उभा होता. बॅटरी त्यानेच सकाळी बदलली होती, गाडी धुवायच्या निमित्ताने, आणि सुटी ठेवलेली पकड मघाशी कापडाखाली बसवली होती.

पण तिला गाडीचं काही वाटत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, त्या सकाळी मी बोलले नव्हते, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या जिन्यात. तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून."

"गाडी मागितली असतीत तर दिली असती हो," ती म्हणाली, आणि कागद फाडले. मग गर्दीकडे वळली. "आठ महिने मी झोपले नाही. तुम्ही तरी शहाणे व्हा. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडायच्या आधी विचारा, ह्याला हे सांगितलं कुणी?"

तिने लेकीला शेजारी बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. धाडकन झालं. धप-धप सुरू झालं. दहा मिनिटांनी टायर गरम होऊन गोल झाले आणि आवाज थांबला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. नवरा तिच्यावर कधी रुसलाच नव्हता.